आजोबांच्या ओमेगाचा डायल कोणी बदलला?

पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आलंय. लिहिणाऱ्याचं वय ३८, शेती आहे आणि सोबत कृषी केंद्र. आजोबा जिनिंगमध्ये मुनीम होते, तिथल्या शेठनी खुश होऊन त्यांना ओमेगा सीमास्टर दिलं होतं. आजोबांनंतर वडील ते फक्त पोळ्याला आणि लग्नाकार्यात घालायचे. वडील मागच्या वर्षी गेले आणि घड्याळ यांच्याकडे आलं. यांनी पुण्याच्या एका जुन्या घड्याळांच्या शौकिनाला फोटो पाठवले, तर तो म्हणाला डायल ओरिजिनल नाही, नंतर टाकलेला डुप्लिकेट आहे, किंमत निम्म्यावर आली, माझ्याकडे त्याच काळातला रेडियमचा ओरिजिनल डायल आहे, १४ हजार द्या आणि तुमचा डायल मला देऊन टाका. आता घरातले सगळे म्हणतात की गावातल्या घड्याळवाल्यानेच जुना डायल मारला. तो घड्याळवाला वडिलांचा दोस्त होता, तोही आता हयात नाही. त्याचा मुलगा बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करतो आणि यांनी त्याच्याशी बोलणं बंद केलंय. १४ हजार द्यावे का, त्या मुलाला जाब विचारावा का, आणि दहावीतल्या मुलीला पास झाल्यावर हे घड्याळ द्यायचं ठरलंय तर ते आता कोणत्या तोंडाने द्यायचं, असं विचारलंय.

भाऊ,

पत्र दोनदा वाचलं, फोटो मोठे करकरून पाह्यले. पहिली गोष्ट जी मला खटकली ती घड्याळात नाही, पत्रात आहे. हा पुण्याचा माणूस तुमचा डायल डुप्लिकेट म्हणतो आणि मग तोच डुप्लिकेट बदल्यात मागतो. काहून बाप्पा? भंगार असेल तर त्याला कशाला पाहिजे? त्याला फसवा म्हणत नाही मी, पण त्याने एकच शब्द वापरला आणि त्या एका शब्दाने तुमच्या घरात एक मेलेला माणूस चोर ठरला, म्हणून आधी तो शब्द नीट पाहू.

जुन्या घड्याळात डायल बदललेला असेल तर तो तीनपैकी एका प्रकारचा असतो. एक म्हणजे सर्व्हिस डायल. कंपनी स्वतःच नंतरच्या वर्षांत दुरुस्तीसाठी जे डायल पुरवते ते, कंपनीचेच, फक्त घड्याळ कारखान्यातून निघालं तेव्हाचे नाहीत. दुसरा रिडायल, म्हणजे तुमचाच जुना डायल घासून साफ करून त्यावर नवीन रंग आणि नवीन छपाई. आणि तिसरा कोणीतरी बाहेरच्याने बनवून वर कंपनीचं नाव छापलेला. डुप्लिकेट म्हणायचं तर या तिसऱ्याला म्हणा, दुसऱ्याबद्दल भांडता येईल, पण पहिल्याला डुप्लिकेट म्हणणं म्हणजे ट्रॅक्टरला कंपनीच्याच शोरूममधून नवीन बोनेट बसवलं आणि कोणी म्हणालं की तुमचा ट्रॅक्टर बनावट आहे, तसं झालं.

आता तुमच्या घड्याळाकडे या. मशीनवर जो नंबर कोरलाय तो १४ ने सुरू होणारा आठ आकडी आहे, ओमेगाच्या नंबरांच्या हिशोबाने ते घड्याळ १९५४ च्या आसपासचं. मशीन ३५४ आहे, ते जुनं बंपर ऑटोमॅटिक, त्यातलं वजन पूर्ण गोल फिरत नाही, दोन्हीकडच्या स्प्रिंगांवर आपटून परत येतं, हातात घातल्यावर मनगटाला हलकीशी ठकठक जाणवते. तुमच्या वडिलांना ती माहीत असणार, मुलीलाही दाखवा, तिला मजा वाटेल. पण डायलवर सहाच्या खाली बारीक अक्षरात स्विस मेडच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी आहे. हा टी म्हणजे ट्रिटियम, आणि घड्याळांच्या डायलवर ट्रिटियम आणि त्याची ही खूण साठच्या दशकात आली. १९५४ च्या डायलवर ती असूच शकत नाही. म्हणजे पुण्याचा माणूस इथवर बरोबर बोलला, डायल नंतरचा आहे.

पण इथून पुढे तो घसरला. तुमच्या फोटोत ओमेगाचं चिन्ह छापलेलं नाही, धातूचं वेगळं बसवलेलं आहे, मिनिटांच्या रेघा खुणांच्या बरोबर मध्यावर येतात, अक्षरांच्या कडा फाटलेल्या नाहीत, आणि डायलच्या कडेला खाच नाही. ही खाच लक्षात ठेवा, बाकी वाचकांनीही ठेवा. रिडायल करणारे डायल छपाईसाठी सरळ पकडायला बऱ्याचदा कडेला कानशीने बारीकशी खाच मारतात, ती केसच्या कडेखाली लपते आणि मशीन बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही. तुम्ही डायल बाजूने दिसेल असा फोटो काढला हे फार चांगलं केलं. डायलची पाठ पाहिल्याशिवाय शंभर टक्के कोणी सांगू नये, मीही नाही सांगत, पण समोरून जे दिसतं त्यावरून हा कंपनीचाच सर्व्हिस डायल वाटतो. आणि म्हणूनच तो माणूस बदल्यात मागतोय. त्याचं गिऱ्हाईक बसलेलं असेल कुठेतरी.

मग जुना डायल बदलला कशाला, हा खरा प्रश्न. घरातल्यांनी त्याचं उत्तर आधीच ठरवून टाकलंय की चोरायला. मला दुसरं उत्तर जास्त पटतं आणि त्याला कारण आहे रेडियम.

आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या कशालाही रेडियम म्हणतात, सायकलच्या मागच्या पट्टीला पण, पण १९५४ च्या डायलवर चमकणारं काही असेल तर ते खरंखुरं रेडियमच असणार. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये ऑरेंज नावाचं गाव आहे, आपल्या संत्र्याचंच नाव, तिथल्या कारखान्यात १९१७ पासून पोरी रेडियमच्या रंगाने डायल रंगवायच्या आणि ब्रशला टोक यावं म्हणून ओठात धरायच्या. त्यांचे जबडे सडले, किती तरी मेल्या, आणि १९२८ मध्ये त्यांच्यातल्या पाच जणींनी कंपनीला कोर्टात नेऊन तडजोड करायला लावली. तरी घड्याळात रेडियम चालतच राह्यलं, साठच्या दशकात ते हळूहळू जाऊन ट्रिटियम आलं. रेडियमची गंमत अशी, म्हणजे गंमत नाही, फसवणूक आहे, की त्यात मिसळलेली चमकणारी पावडर काही वर्षांत थकते आणि चमकणं बंद होतं, आपल्याला वाटतं संपलं. रेडियमला अर्धं व्हायला १६०० वर्षं लागतात. चमक गेली तरी ते तिथेच आहे. ट्रिटियमला अर्धं व्हायला साधारण १२.३ वर्षं, म्हणून तुमच्या डायलवरचं आता जवळपास झोपलंय. तिसरं म्हणजे आजकालचं ल्युमिनोव्हा, जपानच्या नेमोटो कंपनीने १९९३ मध्ये काढलं, त्यात किरणोत्सर्ग नाहीच, उजेड पितं आणि अंधारात सोडतं. म्हणजे साठ वर्षं जुन्या म्हणवणाऱ्या घड्याळाचा डायल रात्री दोन वाजता लख्ख चमकत असेल तर समजून जा, एक तर डायल नव्वदनंतरचा सर्व्हिस डायल आहे नाहीतर कोणी वरून नवीन भरलंय.

त्या काळी घड्याळ दुरुस्तीला आलं की रेडियमचा डायल काढून टाकायचा आणि नवा टाकायचा हा चांगला धंदा समजला जायचा, स्वित्झर्लंडमध्येही. शिवाय पन्नासच्या दशकातले डायल आपल्या पावसाळ्यात टिकतात कुठे, काचेच्या फटीतून ओल गेली की वार्निशवर काळे ठिपके येतात, गिऱ्हाईक म्हणतं घड्याळाला देवी आल्या, बदलून टाका. बदललेला डायल गिऱ्हाईक आनंदाने मिरवायचं. विहिरीवरच्या मोटरचं वाइंडिंग नवीन केलं तर तुम्ही विचारता का जुनं तांबं कुठं गेलं? विचारता, खरं आहे, तांबं महाग आहे. पण १९७० च्या आसपास जुना ठिपक्यांचा डायल म्हणजे तांबं नव्हतं, पत्र्याची चकती होती. पुढे पन्नास वर्षांनी लोक त्या चकतीसाठी वेडे होतील हे कोणाला माहीत होतं, राजेहो.

आणि एक गोष्ट तुमच्याच फोटोत आहे जी तुम्ही पाह्यली नाही. मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो परत काढा, उजेड तिरपा पाडून. तिथे सुईने कोरलेलं दिसतंय, १२-७-७८, आणि पुढे इंग्रजी डी. घड्याळवाले लोक प्रत्येक सर्व्हिसिंगला झाकणाच्या आत अशी तारीख कोरतात, परत ते घड्याळ आलं की आपण काय केलं होतं ते कळावं म्हणून. डी म्हणजे डायल असा अर्थ मी लावतोय, नावाचं अक्षरही असू शकतं, तुम्हाला त्याचं नाव माहीत आहे, तुम्हीच ठरवा. पण नाव असलं तरी काय, डायल मारणारा माणूस त्याच घड्याळात तारीख टाकून सही करत नाही. १९७८ म्हणजे तुमचे आजोबा होते, वडील होते, दोघांच्याही डोळ्यासमोर ते घड्याळ गेलं आणि आलं, आणि मुनीम माणूस, भाऊ! जिनिंगमध्ये सरकीच्या पोत्याचा हिशोब ठेवणाऱ्याला आपल्या हातातल्या घड्याळाचा डायल बदलला हे दिसलं नसेल?

आता तुमचे प्रश्न.

१४ हजार द्यावे का. पैशाचं खरं सांगतो, शौकिनांच्या बाजारात कारखान्यातल्या डायलचं घड्याळ जास्त किमतीचं असतं, सर्व्हिस डायलचं कमी, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. पण तुम्ही विकत नाही आहात. आणि विकायचं असतं तरी बाहेरून आणलेला डायल टाकल्याने ते ओरिजिनल होत नाही, तो डायल दुसऱ्या कोणाच्या तरी आजोबांच्या घड्याळातून निघालेला, तो तुमच्या घड्याळाचा कधीच नव्हता. सर्व्हिस डायल तरी तुमच्या घरातल्या माणसाने सांगून टाकलाय. पुढे कधी विकलंच तर समोरच्याला एवढंच सांगायचं की डायल १९७८ चा सर्व्हिस डायल आहे, झाकणात तारीख आहे. असं सांगितलेलं घड्याळ जाणकार लोक आनंदाने घेतात, लपवलेलं पकडलं की मग बाकी सगळ्यावरच संशय घेतात.

आणि पुण्याचा माणूस देतोय तो डायल रेडियमचा आहे आणि तुम्ही तो दहावीतल्या पोरीच्या हातावर बांधणार आहात. बंद घड्याळातून फार धोका नसतो, भीती असते ती भुकटीची, काच उघडली, रंगाचा कण सुटला आणि नाकातोंडात गेला तर. पण पैसे देऊन ते घरात कशाला आणायचं?

यात एक मेख आहे मात्र, आणि ती तुमच्या घड्याळातही असू शकते. डायल बदलताना काटे कधी कधी जुनेच ठेवले जातात. तुमच्या काट्यांच्या मधल्या चिरेत जे भरलंय ते डायलवरच्या ठिपक्यांपेक्षा जास्त तपकिरी दिसतंय. म्हणजे काटे १९५४ चे, रेडियमचे असू शकतात. कोणाला खरवडू देऊ नका, सुईने टोकरायचं नाही, घासायचं नाही, फुंकायचं तर अजिबात नाही. सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा काट्यांवर बहुतेक रेडियम आहे हे त्याला आधी सांगा. मुलीला द्यायच्या आधी त्याच मापाचे सर्व्हिसचे काटे टाकून घेतले तर मी तरी तुम्हाला नावं ठेवणार नाही, जुने काटे प्लॅस्टिकच्या छोट्या बंद पाकिटात, वर रेडियम लिहून, पोरांच्या हाताला येणार नाही अशा जागी. घड्याळ उशीखाली ठेवून झोपायची सवय असेल कोणाला तर मोडा.

कोणाला दुसऱ्या घड्याळात सर्व्हिस डायल टाकायचाच असेल तर विकत घ्यायच्या आधी पाठ पाहा. डायलच्या मागे दोन तांब्याचे पाय असतात, ते मशीनच्या भोकात जातात आणि बाजूच्या बारीक स्क्रूंनी पकडले जातात. पायांची जागा मशीनप्रमाणे बदलते. नाव सारखं, माप सारखं, रंग सारखा आणि पाय चुकीच्या जागी, मग दुकानदार काय करतो तर पाय कापतो आणि डायल चिकट ठिपक्यांवर बसवतो. उन्हात गाडीवर ठेवलं की डायल सरकतो आणि सेकंदाचा काटा घासायला लागतो. पाय कापलेला डायल दिसला की तो दुसऱ्याच मशीनचा होता असं समजायला हरकत नाही. मशीनचा नंबर सांगून डायल मागा, घड्याळाचं नाव सांगून नाही.

बसवताना मशीन केसमधून काढायला आधी चावी काढतात, जुन्या घड्याळात त्याचा स्क्रू एकदोन आटे सैल करायचा असतो, पूर्ण काढला की आतला लिव्हर निसटतो आणि मग डायलखालचं सगळं उघडावं लागतं, तीन मिनिटांचं काम तीन तासांचं. काटे उपसताना डायलवर पातळ प्लॅस्टिक ठेवायचं. जुना डायल उचलला की तासाच्या चाकावर एक पातळ वाकलेली चकती असते ती डायलला चिकटून जाते आणि हरवते, मग काटे कधी चालतात कधी नाही आणि गिऱ्हाईक दुकानदाराच्या नावाने बोंबलतं. नवीन डायल कडेला धरायचा, तोंडावर बोट नाही. आणि पुसायचा नाही! मी धंद्यात नवीन असताना एका मास्तरांच्या घड्याळाचा डायल जरा मळलेला वाटला म्हणून ओल्या कापसाने पुसला, तर मळ राह्यला आणि कंपनीचं नाव गेलं. मास्तर काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. शेवटी तासाचा काटा बरोबर बारावर, मग मिनिटाचा, मग सेकंदाचा, तारीख असेल तर आधी तारीख पलटेपर्यंत चावी फिरवून त्या क्षणी बारा धरून काटे बसवायचे. बारा तास पूर्ण फिरवून बाजूने पाहायचं, काटा काट्याला लागत नाही ना.

हे सगळं मे महिन्यात कूलरसमोर बसून करू नका. आणि दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्यावर तर खिडक्या बंद, कापसाचा एक रेषा काचेखाली राह्यला तर तो कायम तुमच्याकडे पाहत बसतो.

ज्यांच्याकडे ओमेगा नाही, आणि बहुतेकांकडे नाहीच, एचएमटी आहे, त्यांच्यासाठी. एचएमटीची घड्याळं १९६१ मध्ये सिटिझनच्या मदतीने बंगळुरूला सुरू झाली आणि घड्याळाची कंपनी बंद करायचा निर्णय सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. आता ऑनलाइन भगवे, हिरवे, निळे नवेकोरे डायल घातलेले जनता आणि पायलट दोन-अडीच हजारात दिसतात, त्यातले खूप सारे पुन्हा छापलेले. देवनागरी जनता लिहिलेला डायल असेल तर भिंगातून अक्षर पाहा, शिरोरेघ तुटक किंवा जाड-बारीक असेल, रेघांच्या टोकाला शाई पसरली असेल तर ती छपाई कारखान्याची नाही. काटे पिवळे पडलेले आणि डायल कालच लग्न झाल्यासारखा, हेही लक्षण आहे. आवडलं तर घ्या, हातात घाला, पण जुना ओरिजिनल म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका. आणि बापाच्या जनताचा खराब झालेला डायल बदलायला निघालात तर जुना डायल परत मागून घ्या, तिथल्या तिथे. नंतर कोणावर संशय घ्यायची पाळी येत नाही.

राह्यला तो मुलगा. जाब विचारू नका. पण जा. घड्याळ घेऊनच जा, मोबाइल दुरुस्त करतो म्हणजे त्याच्याकडे चांगलं भिंग आणि उजेड दोन्ही असणार, झाकणातली ती तारीख त्यालाच वाचायला सांगा. बापाचं अक्षर पोरगं ओळखतं, सुईने कोरलेलं असलं तरी. त्याच्या घरी बापाची दुरुस्तीची वही असेल तर ७८ चा जुलै पाहायला सांगा. तुम्ही बोलणं का बंद केलं होतं हे त्याला कळलेलंच असणार, गाव केवढं आहे, तेव्हा त्यावर वेगळं भाषण द्यायची गरज नाही, चहा मागवा म्हणजे झालं.

मुलीला घड्याळ द्या. दुसरं घेऊ नका तिच्यासाठी. झाकणाच्या आत सर्व्हिसिंगची नवीन तारीख टाकायला सांगा, जुन्या तारखेच्या खाली.

आणि हो, आजोबांची पेटी, पानाचा डबा, जुन्या पावत्यांची पिशवी एकदा पाहा. त्या काळचे बरेच घड्याळवाले काढलेला माल कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत द्यायचे. पुडी सापडली तर आत रेडियमचा डायल असेल, उघडू नका, हलवू नका, तशीच झिपच्या पाकिटात टाका आणि मला फोटो पाठवा. पुडीचाच.